‘सुरकुतलेले’ : एका शब्दाचा अर्थ आणि द्रव्यपरीक्षणातील त्याचा वापर

प्रत्येक औषधीशाळेत कच्च्या द्रव्यांची नोंदवही असते. द्रव्याचे नाव, वजन, आवक दिनांक, पुरवठादार आणि शेवटी ‘वर्णन’ असा एक रकाना, हे तिचे सर्वसाधारण स्वरूप. सन २००० मध्ये अनुसूची ‘टी’ आली आणि पूर्वी चांगली सवय म्हणून ठेवली जाणारी ही वही कायद्याची गरज झाली. तथापि ‘वर्णन’ या रकान्यात काय लिहावे, याचा विचार आपण वैद्य आणि औषधीशाळाचालक मंडळींनी फारसा केलेला नाही, हे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

आम्ही आमच्याच जुन्या नोंदवह्या काढून पाहिल्या, तेव्हा एक शब्द पानोपानी आढळला. मिरे, सुरकुतलेले. हिरडा, सुरकुतलेला. आवळकाठी, शतावरी, अश्वगंधा, गुळवेल, मनुका ही सर्व द्रव्येही तशीच. कोठे हा शब्द पसंतीच्या शेऱ्यापुढे होता, कोठे नापसंतीच्या. एकाच शब्दाने एक माल आत घेतला गेला आणि दुसरा परत पाठवला गेला. त्यांपैकी दोन निर्णय चुकीचे होते, हे आज आम्हांस ठाऊक आहे. त्या दोन चुकांच्या निमित्ताने या शब्दाचा अर्थ आणि वापर वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

शास्त्रातील ‘वली’

मराठीतील सुरकुती या शब्दाला आपल्या संहितांमध्ये ‘वली’ हा प्रतिशब्द आहे. वळणे, वेढणे या अर्थाच्या ‘वल्’ धातूशी त्याचे नाते आहे. ‘वलय’ हा शब्द त्याच कुळातला. पोटावरच्या ‘वळ्या’ असे आपण म्हणतो तेव्हा तोच शब्द आपल्या बोलीत उतरलेला असतो. संहितांमध्ये हा शब्द निदान तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो, आणि त्या तिन्ही ठिकाणी तो एकत्र ठेवून पाहिला म्हणजे मोठा बोध होतो.

पहिले स्थान त्वचा. रसायनप्रकरणात ‘वली’ आणि ‘पलित’ हे शब्द जोडीने येतात. येथे वली म्हणजे त्वचेवर पडलेली सुरकुती आणि पलित म्हणजे केसांचे पांढरे होणे. दोन्ही जरेची लक्षणे. वली उत्पन्न होणे हा येथे ऱ्हासाचा निर्देश आहे.

दुसरे स्थान गुद. सुश्रुताचार्यांनी अर्शोनिदानात साडेचार अंगुळे प्रमाणाच्या गुदात प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी अशा तीन वली सांगितल्या असून त्यांना शंखाच्या आवर्तांची उपमा दिली आहे. येथे वली ही विकृती नव्हे, ती शरीराची रचना आहे. ती नसेल तर मलाचे धारण आणि विसर्जन यांची व्यवस्थाच कोलमडेल. अर्शाची साध्यासाध्यता ठरवतानाही तो कोणत्या वलीत आहे हेच पाहावे लागते. बाह्य वलीतील अर्श सुखसाध्य, तर आभ्यंतर वलीतील अत्यंत कठीण.

तिसरे स्थान उदर. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगाची पूर्वरूपे सांगताना, पोटावरील वली नाहीशा होणे आणि तेथे रेषा उमटणे, या गोष्टींचा निर्देश आहे. म्हणजे येथे वली असणे हे स्वास्थ्य आणि वली नष्ट होणे हे येऊ घातलेल्या रोगाचे चिन्ह. ज्या पोटावर नेहमी वळ्या पडत, ते एकाएकी ताणलेले आणि गुळगुळीत दिसू लागले तर वैद्याने सावध व्हावे, असा याचा अर्थ.

एके ठिकाणी वली येणे हे ऱ्हासाचे लक्षण, दुसरीकडे वली असणे ही प्रकृती, तिसरीकडे वली जाणे हा रोग. शब्द एकच आहे. निर्णय शब्दावरून होत नाही, स्थानावरून आणि कारणावरून होतो. रुग्णाच्या बाबतीत हे तारतम्य आपण सहज बाळगतो. द्रव्याच्या बाबतीत मात्र ते विसरतो.

हिरडा : रेखा निराळी, सुरकुती निराळी

आमची पहिली चूक बाळहिरड्याच्या बाबतीत झाली. गंधर्वहरीतकीसाठी आम्हांस बाळहिरडा हवा होता. भीमाशंकराच्या परिसरात, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या डोंगराळ भागात, महादेव कोळी समाजातील कुटुंबे हा हिरडा गोळा करून उन्हात वाळवतात. त्या बाजूने माल आणणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी पोती उतरवली. आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या मदतनिसाने वहीत लिहिले, ‘लहान, काळे, फार सुरकुतलेले’, आणि पुढे शेरा मारला, ‘नापसंत’. आम्ही न पाहता सही केली. पोती परत चढवताना ते गृहस्थ एवढेच म्हणाले, “वैद्यबुवा, कवळा हिरडा वाळला म्हंजी आकसणारच. गुळगुळीत पायजे असंल तर त्यो झाडावरच ऱ्हाऊ द्यावा लागंल.”

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. बाळहिरडा म्हणजे आठळी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ. त्यात कठीण आठळीचा आधार नसतो. पाणी उडून गेले की सारा गर आतल्या आत आकसतो, फळ काळे पडते आणि लांबीच्या दिशेने दाट सुरकुत्या पडतात. फोडले असता आत आठळी नसते, भरीव काळपट गर असतो. बाळहिरड्यात सुरकुती नसेल तरच शंका घ्यावी.

पक्व हिरड्याची गोष्ट निराळी. त्याच्या पृष्ठावर साधारणपणे पाच ठळक उभे कंगोरे दिसतात. ते फळाच्या घडणीचे अंग आहेत. वाळण्याने ते अधिक उठून दिसतात एवढेच, वाळण्याने निर्माण होत नाहीत. येथे भावप्रकाशकारांच्या भाषेची काटेकोर योजना लक्षात घेण्याजोगी आहे. विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती आणि चेतकी असे हरीतकीचे सात भेद सांगताना अभया पाच रेखांची आणि चेतकी तीन रेखांची, असे त्यांनी म्हटले आहे. शब्द ‘रेखा’ आहे, ‘वली’ नाही. जी खूण मोजता येते, जी जातीची आहे, तिला त्यांनी रेखा म्हटले. आपण मात्र कंगोऱ्यालाही सुरकुतीच म्हणतो आणि आकसण्यालाही सुरकुतीच म्हणतो.

उत्तम हरीतकीची परीक्षाही तेथेच आहे. ती नवी, स्निग्ध, घन, वाटोळी आणि जड असावी व पाण्यात टाकली असता बुडावी. या परीक्षेचा रोख पृष्ठापेक्षा घनतेवर अधिक आहे. मोठा हिरडा कंगोऱ्यांच्या मधल्या भागात खोल खपलेला असेल, हातात हलका लागत असेल आणि हलवला असता आठळी वाजत असेल, तर तेथील सुरकुती गर कमी असल्याची किंवा किडीने पोखरल्याची असू शकते. रात्रभर पाण्यात भिजवून पाहिल्यास वाळण्याने पडलेल्या बारीक सुरकुत्या बऱ्याच अंशी भरून येतात, कंगोरे मात्र कायम राहतात. ही साधी परीक्षा एका भांड्यात होते.

मिरे : जी सुरकुती दोघांनाही असते

दुसरी चूक याच्या उलट होती. त्रिकटूसाठी मिरे आले. वहीत नोंद झाली, ‘काळे, गोल, सुरकुतलेले’, आणि शेरा, ‘पसंत’. दळण सुरू झाल्यावर गिरणीपाशी जो ठसका लागायचा तो लागला नाही. शिल्लक पोते पसरून पाहिले तेव्हा त्यात पोचट मिरी आणि पपईच्या वाळलेल्या बिया यांची सरमिसळ आढळली. दळलेले सर्व चूर्ण नष्ट करावे लागले. ते दळण कोण्या दमेकऱ्याच्या किंवा मंदाग्नीच्या रुग्णाच्या पुडीत गेले असते, तर त्याला गुण का येत नाही याचा शोध आम्ही निदानात घेत बसलो असतो, पोत्यात नव्हे.

मिरीची सुरकुती कशी उत्पन्न होते, हे पाहू. मिरीचे फळ पूर्ण पिकण्यापूर्वी, हिरवे असतानाच, तोडून वाळवतात. आतले बी कठीण, बाहेरचा गराचा थर मऊ. थर वाळून आकसतो, बी आकसत नाही. त्यामुळे थराला बियाभोवती जाळीदार चुण्या पडतात. हेच फळ पिकू देऊन, भिजवून, वरचा थर काढून टाकला की पांढरी मिरी मिळते आणि ती गुळगुळीत असते. म्हणजे काळ्या मिरीची सुरकुती ही तिच्या वरच्या थराची खूण आहे. त्या थराखाली बी भरलेले आहे की नाही, हे ती सांगत नाही.

पपईच्या बीचेही असेच. ओल्या बीभोवती बुळबुळीत आवरण असते. ते वाळून चिकटले की खालच्या कवचाचे खडबडीत कंगोरे वर दिसू लागतात. दुरून पाहणाऱ्याला तीही काळपट, सुरकुतलेली आणि मिरीएवढीच दिसते. ‘सुरकुतलेले’ या शब्दाच्या चाळणीतून दोन्ही सारखीच खाली उतरतात.

म्हणून मिरीच्या बाबतीत पुढील गोष्टी पाहाव्यात. मिरी वाटोळी असते, पपईचे बी लांबट अंडाकृती आणि टोकाकडे निमुळते. मिरी आडवी कापल्यास आत पांढरट, पिठूळ भाग आणि मध्यभागी लहान पोकळी दिसते. पपईचे बी फोडल्यास कवच सुटते आणि आत तेलकट मगज व चपटा अंकुर असतो. मद्यार्कात टाकल्यास भरीव मिरी तळाशी जाते, पपईचे बी तरंगते. पोचट मिरीही तरंगते, तेव्हा जे वर आले ते सर्व पपईच, असे समजू नये. ते वेचून कापून पाहावे. केवळ चव घेऊन निर्णय करू नये. पपईच्या बीलाही मोहरी-अळिवाच्या जातीची झोंब असते. तिच्यात मिरीचा सुगंध मात्र नसतो.

विडंग : उंचवटा म्हणजे सुरकुती नव्हे

विडंगाच्या नोंदीतही आम्ही हाच शब्द वापरीत होतो. वास्तविक येथे तो मुळातच अयोग्य आहे. एम्बेलिया रायब्स या वनस्पतीचे फळ दोन ते चार मिलिमीटर व्यासाचे, तांबूस ते काळपट, टोकाशी चोचीसारखा उंचवटा असलेले आणि पुष्कळदा देठाशी पाकळ्यांसारखा बाह्यकोश धरून ठेवलेले असते. त्याचे पृष्ठ बारीक चामखिळी असल्याप्रमाणे खरबरीत लागते. बाजारात वावडिंग या नावाने जे पुष्कळदा मिळते ते त्याच गणातील एम्बेलिया त्सेरियाम-कोटाम या जातीचे फळ असते आणि त्यावर उभ्या रेघा दिसतात. खरबरीत उंचवटे आणि उभ्या रेघा हा भेद बोटांना कळतो, डोळ्यांना भिंगाखाली स्पष्ट दिसतो. ‘सुरकुतलेले’ असे लिहिले की तो भेद कागदावरून पुसला जातो आणि वर्षभरानंतर वही पाहणाऱ्याला आपण कोणते विडंग वापरले हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

मुळे आणि कांडे : सुरकुती म्हणजे काळ

अश्वगंधेच्या वाळलेल्या मुळावर लांबीच्या दिशेने बारीक सुरकुत्या असतात आणि त्या असाव्यात. नीमच आणि मंदसौर भागांतून येणारे चांगले मूळ सरळ असते, मोडल्यास चटकन तुटते आणि तुटल्या जागी पांढरे, पिठूळ दिसते. मूळ मोडताना तंतू ओढले जात असतील तर ते निबर आहे, मग वरची सुरकुती कितीही सुबक असो. शतावरीची ताजी मुळे फुगीर आणि तुकतुकीत असतात. वाळल्यावर त्यांवर उभ्या खाचा पडतात. खाचा पडल्या म्हणून ती जुनी ठरत नाही, मात्र त्या खाचांत माती व बुरशी साठते, हे पुरवठादार सांगत नाही.

गुळवेलीच्या बाबतीत सुरकुती थेट काळाचे माप सांगते. ताजे कांड रसरशीत असते आणि त्याच्या सालीवर चामखिळीसारखे गोल ठिपके उठून दिसतात. वाळू लागले की साल सैल होते, सुरकुतते आणि शेवटी पापुद्र्यासारखी सुटते. आडवा छेद घेतल्यावर दिसणारी चाकाच्या आऱ्यांसारखी रचना मात्र वाळल्यावरही राहते. ‘चक्रलक्षणा’ हे तिचे पर्यायनाम त्यावरूनच पडले. म्हणजे ओळख पटवायची तर चक्र पाहावे, ताजेपणा पाहायचा तर साल पाहावी.

शार्ङ्गधरसंहितेत गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा ही द्रव्ये नेहमी ओली घ्यावीत, असे सांगितले आहे. उलट विडंग, पिप्पली, गूळ, धान्य, घृत आणि मध ही जुनी असावीत, असाही निर्देश आहे. आज बाजारातून अश्वगंधा आणि शतावरी वाळलेलीच येते, हे वास्तव नाकारून चालणार नाही. परंतु निदान एवढे तरी लक्षात यावे की पाणी जाणे ही घटना एका द्रव्यात हानी आणि दुसऱ्यात संस्कार ठरू शकते. म्हणून ‘सुरकुतलेले’ याच्यापुढे, केव्हा वाळवले, कोठे वाळवले, उन्हात की सावलीत, हे विचारल्यावाचून त्या शब्दाला अर्थ येत नाही.

सुरकुती नसणे

आता उदररोगाच्या पूर्वरूपाकडे पुन्हा वळू. पोटावरील वळ्या जातात, कारण आत काहीतरी भरते आणि कातडी ताणली जाते. द्रव्यातही असेच घडते. वजन वाढावे म्हणून पोत्यांवर पाणी शिंपडण्याची वाईट चाल आहे. अशा मालाची आवळकाठी मऊ आणि टवटवीत दिसते. मनुका फुगीर दिसतो. शतावरीच्या खाचा भरून येतात. खरेदी करणाऱ्याला माल ‘ताजा’ वाटतो. चार दिवसांनी पोत्याच्या मध्यभागी हात घातला तर ऊब लागते, आठ दिवसांनी बुरशीचा वास येतो. आवळकाठीसारख्या द्रव्याने आक्रसलेले आणि सुरकुतलेले असणे हाच त्याचा धर्म आहे. ज्याला सुरकुती हवी त्याची सुरकुती गेली असेल, तर ते आरोग्य नव्हे, ते उदर होय.

म्हणून पोत्याच्या वरच्या थरातील नमुना कधीही पुरेसा मानू नये. वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने घ्यावेत. मधला अधिक गुळगुळीत आणि मऊ असेल तर पाण्याचा संशय घ्यावा. शंका राहिल्यास थोडा नमुना तोलून, वाळवून, पुन्हा तोलावा. औषधीशाळेत तराजू आणि वाळवणयंत्र असतेच.

वर्णनाच्या रकान्यासाठी आमची सूचना

आम्ही आता नोंदवहीत ‘सुरकुतलेले’ हा शब्द एकटा लिहू देत नाही. त्याच्यासोबत चार गोष्टी लिहिल्या जाव्यात, असा दंडक घातला आहे.

एक, स्वरूप. सुरकुती, कंगोरा, रेघ, जाळी, खाच, उंचवटा, वलय यांपैकी नेमके काय आहे ते लिहावे. या प्रत्येकासाठी आपल्या भाषेत वेगळा शब्द आहे, तो वापरावा.

दोन, दिशा. उभी, आडवी, की सर्वत्र जाळीसारखी.

तीन, अंतरंग. फोडल्यावर किंवा मोडल्यावर आत काय दिसले. भरीव, पोकळ, पिठूळ, तंतुमय, आठळी आहे किंवा नाही.

चार, कारण. ही खूण द्रव्याच्या घडणीची आहे, वाळण्याची आहे, कोवळेपणाची आहे, जुनेपणाची आहे, की दोषाची. कारण सांगता येत नसेल तर शेरा लिहू नये. माल बाजूला ठेवून जाणकारास दाखवावा.

उदाहरणादाखल बाळहिरड्याची आजची नोंद अशी असते : ‘काळा, टणक, उभ्या दाट सुरकुत्या, फोडल्यास आठळी नाही, आत भरीव. कोवळे फळ वाळल्याने. पसंत.’ मिरीची नोंद अशी : ‘काळी, वाटोळी, जाळीदार चुण्या, कापल्यास आत पांढरी पिठूळ, मद्यार्कात बहुतेक तळाशी, तरंगलेली पोचट वेचून वेगळी केली. पसंत.’ एक ओळ अधिक लागते, दोन मिनिटे अधिक जातात. औषधिकोशातील राख, अर्क आणि इतर मानके तपासण्याचे काम त्यानंतर आहेच. त्याला हा पर्याय नाही. परंतु प्रयोगशाळेत नमुना जाण्यापूर्वी डोळा, बोट, नाक आणि जीभ यांनी जे पाहिले ते शब्दांत नीट उतरले नाही, तर प्रयोगशाळेला काय शोधायचे हे कोण सांगणार?

नव्या मदतनिसांना शिकवताना आम्ही नमुन्यांच्या बाटल्या ओळीने मांडतो. बाळहिरडा, सुरवारी हिरडा, काळी मिरी, पांढरी मिरी, पपईचे बी, दोन्ही विडंगे, अश्वगंधा, वाळलेली गुळवेल. प्रत्येकाने ‘सुरकुतलेले’ हा शब्द न वापरता त्यांचे वर्णन लिहायचे. पहिल्या दिवशी बहुतेकांची लेखणी अडते. तिसऱ्या दिवशी ते बोटाने चाचपून, फोडून, हुंगून लिहू लागतात. शब्द काढून घेतला की दृष्टी येते, असा आमचा अनुभव आहे.

त्या वयस्कर गृहस्थांना आम्ही पुढील हंगामात निरोप पाठवला, तेव्हा त्यांनी माल पुन्हा आणला. आम्ही त्यांच्यासमोर दोन हिरडे फोडून पाहिले, नोंद केली आणि ती त्यांना वाचून दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “आता बराबर लिवलं.” परत गेलेल्या पोत्यांची मजुरी मात्र त्यांना आमच्याकडून मिळालेली नव्हती. ती त्या दिवशी, उशिरा का होईना, आम्ही चुकती केली.